मागच्या बाकावरचं चर्च

पेंटरने जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. लाल म्हणजे लालभडक, पिवळा म्हणजे डोळे दिपवणारा. त्यामुळे ताईने चर्चचं आतलं चित्र मागितलं तेव्हा बायको म्हणाली, "तुमच्या हातून सर्कशीचा तंबू होईल!"

पण ताईचा शब्द मोडायची त्याची काय टाप! चाळीस वर्षं दर रविवारी चर्चला जाणारी ही थोरली बहीण खुब्याचं हाड मोडल्यापासून खुर्चीतच होती. "मला तिथे जाता येत नाही, तर ते इथे आण," ती म्हणाली होती.

त्याने प्लायच्या फळीवर मधोमध खिळा ठोकला, त्याला दोरा बांधला आणि दोरा ताणून बाकं, कमानी, फरशी, सगळ्यांच्या रेघा त्या खिळ्याकडे नेल्या. मग राखाडी, मातकट, विटक्या चादरीसारखा पांढरा. लाल डबा उघडायला हात शिवशिवत होते, पण त्याने मन मारलं.

ताईने चित्र बराच वेळ पाहिलं. "सुरेख आहे रे. पण हे माझं चर्च नाही. बसला होतास कुठे? माळ्यावर?"

"शिडीवर," पेंटर ओशाळला. शिडीवरून पाट्या रंगवायची जन्माची खोड! खिळा म्हणजे बघणाऱ्याची नजर; ती शिडीच्या उंचीला, म्हणून सगळी बाकं वरून दिसत होती.

"मी मागच्या बाकावर बसते, बाबा. मला पुढच्याचं टक्कल दिसतं."

आठ दिवसांची मेहनत पाण्यात गेली म्हणून तो घरभर धुसफुसला. दुसऱ्या दिवशी मात्र मुकाट्याने मागच्या बाकावर जाऊन बसला. तिथून पुढच्या बाकांच्या पाठी छातीशी येत होत्या आणि खांब वर, आणखी वर जात होते. ताई इतकी वर्षं मान वर करून काय बघत होती ते त्याला आत्ता कळलं. नव्या फळीवर त्याने खिळा बराच खाली ठोकला.

चित्र भिंतीला लागलं. ताई मान वर करून बघत राहिली. "चुकलं का गं?" विचारत तो फळीसमोर जाऊन उभा राहिला.

"श्श!" ताई हळू आवाजात खेकसली. "खाली बस आधी. मागच्यांना दिसत नाही."

मागे नुसती भिंत होती. पेंटर हसत हसत तिच्याशेजारी बसला.