मानेचा इशारा

आमच्या ह्यांची एक सवय. पियानो वाजवताना पान उलटायची वेळ आली की मान एकदाच, पटकन हलवायचे, आणि शेजारच्या स्टुलावरून उठून मी पान उलटायचं. लग्न झाल्यापासून हेच माझं काम. कागदावरचे ते स्वर मला वाचता येत नाहीत आणि त्याचं कधी वाईटही वाटलं नाही. ह्यांची मान वाचता येते, तेवढं पुरे.

काय दिवस काढलेत म्हणून सांगू! सकाळी नाचाच्या वर्गाला साथ, दुपारी लोकांच्या कंटाळलेल्या पोरांच्या शिकवण्या, आणि उरल्यासुरल्या वेळात स्वतःच्या रचना. त्या ऐकायला तेव्हा येतंय कोण? एका समीक्षकाने तर लिहिलं, की हे संगीत म्हणजे जिन्यावरून गडगडणारी भांडी. आता मीही तेच म्हणाले होते, पण मी घरात म्हणाले होते! त्या दिवसापासून त्या माणसाशी मी बोलणंच टाकलं.

पुढे नाव झालं, सभागृहं भरायला लागली. आमची भांडणं तेवढी होती तशीच राहिली. पान लवकर उलटलंस, उशिरा उलटलंस, मध्येच गुणगुणलीस. गुणगुणणं तर त्यांना अजिबात खपायचं नाही. मी तरी कुठली ऐकून घ्यायला? "मानच उशिरा हलली तुमची," मी म्हणायचे. चूक कबूल करणं दोघांच्याही रक्तात नव्हतं.

मग हे विसरायला लागले. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग घराचा रस्ता. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हे वाढतच जाणार. नवी रचना तेव्हा नुकतीच पुरी झाली होती. ती एकदा, एकदाच, स्वतः लोकांसमोर वाजवायची, एवढंच ह्यांना हवं होतं.

लेक म्हणाली, "आई, बाबांच्या एखाद्या विद्यार्थ्याला वाजवू दे ना. भर सभागृहात शोभा झाली तर?"

"झाली तर दोघांची होईल. मी शेजारीच बसलेली असते," मी ताडकन म्हणाले. पण भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू?

कार्यक्रमात पहिली काही पानं झकास गेली. मग मान हलली, मी पान उलटलं, आणि ह्यांनी मागचंच पान परत वाजवायला घेतलं. मी मुकाट्याने कागद मागे केला. पान संपत आलं, मान हलली, मी उलटलं. पुन्हा तेच! लोक चिडीचूप ऐकत होते. रचना नवी, त्यांना काय कळणार? तिसऱ्यांदा तेच पान संपलं तेव्हा ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाजारात आईचा हात सुटलेल्या पोरासारखे डोळे झाले होते. माझा जीव नुसता तुटला.

पुढच्या पानाची सुरुवात मला तोंडपाठ होती. वर्षभर भांडी घासताना भिंतीपलीकडून ऐकली होती. मी पान उलटलं, ह्यांच्या कानाशी वाकले आणि गुणगुणले. आवाज कसला, चिरकाच. पण हात क्षणभर थांबले आणि बरोबर तिथेच पडले. तिथून शेवटापर्यंत प्रत्येक पानाला मी गुणगुणत राहिले.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तोच समीक्षक, आता काठी टेकत, माझ्याकडे आला. "ती पुन्हा पुन्हा मागे जाणारी जागा! आणि त्यात मध्येच तो बाईचा आवाज! काय सुचलंय हो!"

"त्यांना सुचतं असं," मी म्हणाले. इतक्या वर्षांनी त्याच्याशी बोलले ती एवढंच.

आतल्या खोलीत हे लालबुंद होऊन बसले होते. "तू पान उलटत का नव्हतीस? मी मान हलवतोय, हलवतोय, आणि समोर आपलं तेच पान! वर भर सभागृहात गुणगुणतेस?"

लेक काही बोलणार, तेवढ्यात मी तिचं मनगट धरलं. माझं उत्तर तर जिभेच्या टोकावर होतं. ते मी गिळलं.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

वाटलं, आता शांत होतील. ह्यांचा राग खरंच उतरला, पण चेहराही उतरला.

"तू कधी चूक कबूल केली नाहीस गं," हळूच म्हणाले. "म्हणजे मीच हरवलो होतो?"

"छे! काहीतरीच काय!"

"मग भांड ना," हे म्हणाले. माझा हात त्यांनी घट्ट धरला होता. "मान उशिरा हलली म्हण. अगं, भांड की माझ्याशी."

आयुष्यभर तोंडाचा पट्टा चालवला मी. त्या वेळी ह्यांच्या कानाशी वाकले आणि नुसती गुणगुणले.