मटारची पिशवी आणि डॉक्टरांचा गुडघा

मी गोठवलेल्या मटारची पिशवी बोलतेय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझ्या अंगावर वाफाळत्या ताटलीचं रंगीत चित्र छापलेलं आहे आणि त्या चित्रावर विसंबून मी माझ्या आयुष्याचा अंदाज बांधला होता. सोलून झालं, उकळत्या पाण्यातली बुडी झाली, गोठून झालं. आता एकदा शिजायचं आणि सुटायचं.

पण मला घरी आणणारे गृहस्थ फिजिओथेरपिस्ट निघाले, आणि वर हौशी धावपटू. पुढच्या खोलीत दवाखाना, मागे स्वयंपाकघर. लांब पल्ल्याची शर्यत धावून ते परतले, तेव्हापासून कठड्याला धरून जिना पाठमोरे उतरत होते. उजवा गुडघा टम्म फुगलेला. त्यांनी फ्रीजर उघडला, मला पंच्यात गुंडाळलं आणि गुडघ्यावर ठेवलं. स्वयंपाकाशी असलेला माझा संबंध तिथेच संपला.

हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, "सूज असताना आणखी एक शर्यत धावलास, तर थेट ऑपरेशनच्या टेबलावर भेटू." आमच्या डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढच्या शर्यतीत नाव घातलं. धावपटू ही जमात आपल्या दुखण्याविषयी तासन्‌तास बोलू शकते. फक्त खरं बोलत नाही, असं माझं निरीक्षण आहे.

त्यांच्या पत्नी शाळेत विज्ञान शिकवतात. मी त्यांना बाई म्हणते. एक दिवस डॉक्टर त्यांना म्हणाले, "गुडघा ठणठणीत. आता बर्फाची गरज नाही." बाईंनी मला ओट्यावर आपटून दाणा न्‌ दाणा सुटा केला. "मग रविवारी हे शिजवून टाकते," म्हणाल्या. मी मोहरले.

दुसऱ्याच सकाळी डॉक्टर 'चालून' आले आणि बाई आंघोळीला गेल्यावर मी पुन्हा गुडघ्यावर. मग हे रोजचंच झालं. त्या गुडघ्याची धग मला एकटीला ठाऊक होती. पण पिशवीला विचारतो कोण?

रविवारी दवाखान्यात एक काकू आल्या. त्याही धावणाऱ्या, त्यांचाही गुडघा सुजलेला.

"काकू, धावणं बंद. सूज म्हणजे शरीराने दिलेला स्पष्ट नकार."

"अहो, पण शर्यत तोंडावर आलीय!"

"शर्यत दर वर्षी येते. गुडघा बदलून मिळत नाही."

हे सुनावताना डॉक्टर स्वतः टेबलाला टेकून एका पायावर बगळ्यासारखे उभे होते.

इकडे बाईंनी कढई तापत ठेवून मला बाहेर काढलं आणि सवयीने हलवलं. आवाज नाही. माझा एकसंध दगड झाला होता, आणि मधोमध खोलगट वाटी. गुडघ्यावर वितळून मऊ पडलेल्या मला डॉक्टरांनी घाईघाईत जशीच्या तशी आत कोंबलं होतं. बाईंनी गॅस बंद केला आणि मला घेऊन तडक दवाखान्यात शिरल्या.

"बस खाली. पँट वर कर."

"अगं, पेशंट आहेत!"

"असू देत. प्रात्यक्षिक आहे."

बाईंनी मला डॉक्टरांच्या गुडघ्यावर ठेवलं. मी अशी चपखल बसले, जणू शिंप्याने माप घेऊन शिवली. काकूंनी अदबीने विचारलं, "डॉक्टर, सूज म्हणजे काय म्हणालात मघाशी?"

बाईंचा आवाज मात्र उतरला होता. "मला फसवलंस ते सोड. उद्या जिना चढता आला नाही, तर कुणाला फसवणार आहेस?"

डॉक्टरांनी मला गुडघ्यावरून काढलं नाही, आणि त्यांच्या बाबतीत तो कबुलीजबाबच होता.

शर्यत झाली. डॉक्टर आणि काकू रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्च्यांवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या धावण्यातल्या चुका काढत होते. मी आळीपाळीने दोघांच्या गुडघ्यांवर. इतकी निर्मळ मत्सराची सकाळ मी दुसरी पाहिलेली नाही.

माझी मुदत आता उलटून गेलीय. बाईंनी ताटलीच्या चित्रावर मार्करने 'खाऊ नये' असं लिहिलंय. शिजायची आशा मी सोडली. विनंती एवढीच: या घरात आलात आणि डॉक्टरांचा गुडघा कसा आहे हे जाणून घ्यावंसं वाटलं, तर त्यांना विचारू नका. फ्रीजर उघडा आणि मला हलवून बघा. खुळखुळले, तर ते बरे आहेत.