लक्ष दुसरीकडे

"मनगट नको ना आई, हात धर," असं म्हणून ताई सरकत्या जिन्याच्या तोंडाशीच थांबली. मागून येणारा लोंढा दोघींना वळसा घालून पुढे सरकला.

आईनं खाली पाहिलं. खरंच की. तिची तीन बोटं मुलीच्या अंगठ्याच्या मुळाशी, बरोबर नाडीवर टेकली होती. मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून इतकी वर्षं काढल्यावर हाताला वळणच तसं पडलं होतं. कुणाचाही हात हातात आला, की बोटं आपली जागा शोधत.

"बरं, धरला हात. चल, पाय उचल."

"काय सिस्टर, पेशंट ठीक आहे ना?" वरच्या पायरीवरून नवरा म्हणाला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकांशी थट्टा करायची सवय घरी आल्यावरही सुटत नसे. चार वर्षांचा गुंड्या त्याच्या कडेवर होता.

"पुढे बघ तू. पडशील पोराला घेऊन."

सहलीचा हा तिसरा दिवस. आल्यापासून ती एका जागी टेकली नव्हती. हॉटेलच्या खोलीत कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. फलाटावर उभं राहायचं तर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या. बागेत मुलं घसरगुंडीवर रमली, तर हीच म्हणाली, "चला, दुसरीकडे जाऊ." नवऱ्याला वाटलं, परकं शहर, भाषा कळत नाही, म्हणून जीव थाऱ्यावर नसेल. पण शहराशी तिचं काही भांडण नव्हतं. रस्ते स्वच्छ होते, गाड्या वेळेवर होत्या, मुलांकडे बघून लोक हसत होते. तिचं चित्त होतं घरी.

घरी वन्सं होत्या. म्हणजे आज सकाळपर्यंत होत्या.

नवऱ्याची ही मोठी बहीण त्यांच्याकडेच राहायची, शिवणकाम करायची. मुलांना खरं तर तिनंच वाढवलं होतं. आईची ड्यूटी कधी सकाळची, कधी रात्रीची. आत्या मात्र कधीही हाक मारा, घरात. गुंड्याला झोप लागायची ती तिच्या मशीनच्या आवाजात. तिच्या गुंड्यांचा, म्हणजे बटणांचा, डबा तो दिवसभर सांडत बसायचा, म्हणून त्याचं नावही तेच पडलं होतं. आणि आता, लग्नाचा विषय सगळ्यांनी कधीच सोडून दिल्यावर, वन्संनी लग्न केलं होतं. गेल्या महिन्यात सह्या झाल्या. मुलांनी केक खाल्ला, नव्या काकांची टोपी घालून नाचली आणि विसरून गेली. लग्न म्हणजे आत्या दुसऱ्या गावी जाणार, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

"निघताना ही दोघं दारात उभी राहिली ना, तर माझा पाय निघायचा नाही," वन्सं म्हणाल्या होत्या.

तेव्हा युक्ती तिनंच काढली. युक्ती वॉर्डातली होती. तिथल्या छताला तिनं रंगीत कागदाचे मासे टांगून ठेवले होते. सुई टोचायची वेळ आली, की म्हणायचं, "तो निळा बघ बरं, शेपटी हलवतोय का?" मूल वर बघायचं, तेवढ्यात काम व्हायचं. रडू यायचं, पण उशिरा, आणि थोडंच. इथेही तसंच करायचं. मुलांना लांब कुठेतरी फिरवून आणायचं, तेवढ्यात वन्संनी सामान हलवायचं.

"आशियातल्या आशियातच जाऊ," नवरा म्हणाला होता. "एखादं मोठं शहर बघू. मुलं लहान आहेत, घड्याळं फार फिरवायला नकोत."

आणि त्यांना सांगायचं कधी? "घरी गेल्यावर बघू," असं दोघांनीही एकमेकांना इतक्यांदा सांगितलं होतं, की तोच ठराव झाला होता.

गाडीत गुंड्यानं खिसा उलटा केला. हॉटेलातला वेष्टनातला साबण, बाटलीचं निळं झाकण, साखरेची दोन पाकिटं.

"हे सगळं आत्याचं," तो म्हणाला. "साबण तिला खूप आवडणार. लहान आहे ना, तिच्या डब्यात मावेल. आई, आत्या आत्ता काय करत असेल?"

"गुंड्या, ते बघ," ताई लगेच म्हणाली, "केवढी मोठी क्रेन! वर माणूस बसलाय बघ."

गुंड्या काचेला नाक लावून क्रेन बघू लागला. तिला हायसं वाटलं. सात वर्षांची पोर, पण भावाला बरी सांभाळते, असं तिच्या मनात आलं. त्यापुढचं काही आलं नाही.

मत्स्यालयात काचेचा बोगदा होता. दोन्ही बाजूंना पाणी, डोक्यावर पाणी. एक चपटा, पांढऱ्या पोटाचा मासा पंख हलवत वरून गेला, आणि सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. बाबांची, ताईची, गुंड्याची, अनोळखी माणसांची. तिची एकटीची नजर तेवढी खाली गेली. मुलांनी वर बघितलं, की खाली हाताकडे बघायचं, ही तिची सवय. मुलांचे उघडे दंड, निळसर प्रकाशात दिसणाऱ्या शिरा. आपण इथे कशासाठी आलो आहोत, हे त्या क्षणी तिला स्पष्ट दिसलं.

"आत्याला दाखव ना हा मासा," गुंड्या म्हणाला. "फोन लाव."

"अरे, आत्या कामात असेल," नवरा म्हणाला.

"मग काम थांबवेल. लाव."

"संध्याकाळी लावू. आधी कासव बघू या का?"

"नको कासव. फोन."

खालचा ओठ पुढे आला. पाच मिनिटांत बोगदा दणाणणार, हे ओळखून नवऱ्यानं फोन लावला. बहीण काही उचलायची नाही, असा त्याचा होरा होता. पण तिनं उचलला, तोही पहिल्याच घंटीला. जणू हातात घेऊनच बसली होती.

"काय रे माझ्या राजा!"

"आत्या, वर बघ. मासा! अगं, तिकडे नाही, माझ्या वर."

"अगं बाई, केवढा हा! तुला गिळला नाही ना त्यानं?"

"काच आहे मधे," गुंड्या म्हणाला. मग फोन डोळ्यांजवळ नेऊन त्यानं नीट पाहिलं. आत्याच्या मागची भिंत हिरवी होती. घरची पिवळी. "आत्या, तू कुठे बसलीयेस? आपलं मशीन कुठाय?"

वन्संनी मागे वळून भिंतीकडे पाहिलं.

ताईनं फोन काढून घेतला. "आत्या, इथं रेंज जातेय गं. ठेवते." आणि ठेवलाही. मग भावाला म्हणाली, "गुंड्या, पळ, तो ठिपक्यांचा मासा तुला बोलावतोय."

तो पळाला, आणि नवरा त्याच्या मागे.

रेंज चांगली होती. वन्संच्या कपाळावरचा घामसुद्धा स्वच्छ दिसत होता. तिनं मुलीकडे पाहिलं.

"तुला माहिती आहे?"

ताईनं खांदे उडवले. "मशीन चादरीत बांधलेलं होतं. कॉटखाली."

"कधी पाहिलंस?"

"बॅगा भरत होतीस तेव्हा. चेंडू गेला होता खाली."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही सांगत नव्हता म्हणून." ती काचेवर बोटानं रेघ ओढत राहिली. "गुंड्यानं विचारलं की मी त्याला काहीतरी दाखवते. तू वॉर्डमध्ये दाखवतेस ना, तसं. चालतं पटकन."

"आणि तू गं? तू काय करतेस?"

"मी पण तिकडेच बघते," ताई म्हणाली.

बाहेर पडल्यावर समोर रुंद पायऱ्या होत्या. बरीच माणसं बसून काहीबाही खात होती. आई तिसऱ्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "मी सांगणार आहे त्याला."

"इथं? आत्ता?" नवऱ्याचा आवाज खाली गेला. "अगं, एवढ्या लोकांत... निदान आइस्क्रीम खाऊन होऊ दे त्याचं."

"त्याच्याआधीच सांगते."

"अजून दोन दिवस आहेत. कशाला सगळ्यांचे खराब करायचे?"

"ताईचे तीन झालेत खराब," ती म्हणाली. "हिला आल्यापासून ठाऊक आहे."

नवऱ्यानं लेकीकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

तिनं गुंड्याला समोर उभं केलं. त्याची नजर तिच्या नजरेच्या बरोबर समोर आली. बोटं सवयीनं मनगटाकडे गेली. तिनं ती मागे घेतली आणि हात आपल्याच मांडीवर ठेवले.

"गुंड्या, आत्या आता काकांच्या घरी राहायला गेली. आज गेली. आपण घरी जाऊ तेव्हा ती तिथं नसेल."

"मग रात्री येईल."

"नाही राजा. ती तिकडेच राहणार. आपल्याला भेटायला येईल, आपण जाऊ. पण रोज नाही."

"मशीन पण नेलं?"

"हो."

"माझा डबा?"

"डबा तुझ्यासाठी ठेवलाय. तुझ्या उशीपाशी."

डब्यापेक्षा काहीतरी मोठं हिशेबात बसत नव्हतं. "पण मी तर इथं आहे," तो म्हणाला. "मला टाटा केलंच नाही तिनं."

"ते माझ्यामुळे. तुम्ही रडाल म्हणून मीच म्हटलं, आपण तेव्हा फिरायला जाऊ. चुकलं माझं."

त्यानं तिच्या खांद्यावर चापट मारली. मग दुसरी. मग तोंड उघडलं, आणि आवाज फुटायच्या आधीची ती लांब शांतता आली. वॉर्डात ही शांतता आली, की ती छताकडे बोट दाखवत असे. नवऱ्याचाही हात खिशात गेला. मत्स्यालयाच्या दुकानातून घेतलेला, दाबल्यावर लुकलुकणारा प्लास्टिकचा मासा त्यानं बाहेर काढला.

"अरे गुंड्या, हे बघ तरी काय..."

तिनं त्याचा हात धरून खाली केला. "राहू दे. रडू दे त्याला."

तो रडला. पायऱ्यांवरची माणसं वळून बघायला लागली. एका बाईनं लांबून फुगा हलवून दाखवला. तिनं मान हलवून नको म्हटलं आणि बसून राहिली. जवळ घ्यायला हात पुढे केले, तर गुंड्यानं ते ढकलले आणि बाबांच्या पोटात डोकं खुपसलं. नवरा अवघडून तिच्याकडे बघत होता, जणू तिच्या वाटणीचं काही आपल्या हाती आलं होतं.

"घे त्याला," ती म्हणाली. "तुझ्याकडेच राहू दे आता."

परतीच्या गाडीत बाबांना बसायला जागा मिळाली. गुंड्या त्यांच्या खांद्यावर झोपला होता, तोंड खिडकीकडे. मधूनच एक हुंदका झोपेतच येऊन जायचा. मुठीत साबण होता. वेष्टन फाटलं होतं आणि घामानं त्याचा वास गाडीत सगळीकडे सुटला होता. ती दाराजवळच्या दांड्याला धरून उभी राहिली. दिवसभर भिरभिरणारे पाय आता जड झाले होते.

ताई येऊन तिला टेकली. तिनं आपला हात वर केला आणि आईच्या तळव्यात सरकवला. मग आणखी आत, मनगटापर्यंत.

"असंच धर," ती म्हणाली. "चालेल."

बोटं आपल्या जागी जाऊन बसली. नाडी भरभर चालली होती. इतका वेळ नुसतं उभं असलेल्या मुलीची चालू नये इतकी. ती सवयीनं मोजू लागली आणि मधेच मोजायचं सोडून दिलं.

गाडी बोगद्यात शिरली. खिडक्या काळ्या झाल्या. दाखवण्यासारखं बाहेर काही उरलं नाही. ताईनं तोंड आईच्या ओढणीत लपवलं आणि तिचे खांदे हलू लागले, आवाज न करता. भाऊ उठू नये म्हणून असेल. तिनं दांडा सोडला, दोन्ही पाय रोवले, आणि गाडी हेलकावे देत होती तशी तीही लेकीला धरून हेलकावत उभी राहिली.