चाकणचा गवती चहा

देहूरोडच्या त्या चाळीमागे माती म्हणून नव्हतीच, नुसता मुरूम. तरी रोशनबीने रॉकेलचे डबे कापले, तळाला भोकं पाडली, शेणखत-माती भरली आणि बघता बघता पुदिना, ओवा, कोथिंबीर, सब्जा असं सगळं दाराशी उभं केलं. नळाचं पाणी बेताचं, म्हणून तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी डब्यांना जायचं. पुदिना ती शेंड्याकडून खुडायची, म्हणजे तो खालून दुप्पट फुटायचा. नवरा इनायत डेपोत फिटर. तो जेवायला बसला, की ही हात लांबवून मूठभर पानं तोडायची नि पाट्यावर चटणी वाटायची.

कोपऱ्यातल्या मोठ्या डब्यात गवती चहा होता. तो चाकणचा, तिच्या आईच्या परसातला. आई गेली तेव्हा भावाने, लालमहंमदने, निरोप उशिरा धाडला. रोशनबी पोचली तोवर मयत उठली होती. चाळिसाव्या दिवसाच्या फातेह्याला रोशनबी गेली, एक ठोंब उपटून घेतलं आणि भावाशी शब्दही न बोलता परतली. त्यानंतर कित्येक वर्षं चाकणचं नाव नाही.

एका उन्हाळ्यात नणंदेकडे लग्न निघालं. जाताना रोशनबीने डबे शेजारच्या मंजुळाबाईंवर सोपवले. बाई निघोज्याच्या, जन्म शेतात गेलेला. त्यांनी रोज पाणी घातलंच, वर खुरपं घेऊन सगळे डबे लख्ख करून ठेवले.

रोशनबी परतली तर कोपऱ्यातला डबा मोकळा.

"मंजुळाबाई, ह्यातला चहा कुठं गेला?"

"कसला चहा? त्यात तर गवात माजलं हुतं. म्या उपटून शेळीला टाकलं."

रोशनबीने मोकळ्या डब्यातली माती चाचपली. "माझ्या आईचं होतं ते," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

मंजुळाबाईंना घास गोड लागेना. शेवटी त्यांनी इनायतला गाठून चाकणचं घर विचारलं.

"तिकडं आमचं येणंजाणं नाही," पत्ता सांगत इनायत म्हणाला.

"तुमचं नसंल. माजं कुटं भांडाण हाय?" असं म्हणून त्या सकाळच्या एसटीने गेल्यासुद्धा.

दिवस कलताना त्या परत आल्या. त्यांच्या मागे ओलं गोणपाट काखेत धरून लालमहंमद उभा. दाढी पार पिकली होती.

"बाई म्हणाल्या, तुमच्या बहिणीचं झाड माझ्या हातनं गेलं, दुसरं द्या," तो चाचरत म्हणाला. "म्हटलं, मीच घेऊन येतो."

रोशनबी उंबऱ्यापाशी आली. "निरोप का नाही धाडलास रे वेळेवर?"

"अम्मा जाईल असं वाटलंच नाही, रोशन. त्या सकाळी बशीभर चहा मागून प्यायली. उद्या बरी होईल म्हणून थांबलो. तेच चुकलं माझं."

रोशनबीने त्याच्याकडून गोणपाट घेऊन उलगडलं, ठोंब मोकळ्या डब्यात ठेवलं.

"माती घाल अजून, मूळ उघडं पडलंय," म्हणत तोही शेजारी उकिडवा बसला. दोघांनी मिळून माती दाबली.

मंजुळाबाई हळूच निघाल्या होत्या. रोशनबीने हाक मारली, "जाता कुठं? जेवून जा."

"तू चटणी वाट. भाकरी म्या आणते," त्या म्हणाल्या.

इनायत डेपोतून आला, तेव्हा मेहुणा मोरीपाशी हात धूत होता. इनायतने आणखी एक चटई अंथरली.