सत्यजितचं भाषण

माझा भाऊ सत्यजित अमेरिकेत प्राध्यापक आहे, आणि तिकडे गेल्यापासून त्यानं मला एकच पालुपद ऐकवलंय. "सुनेत्रा, तुमच्या जर्मनीत काय आहे गं? आमच्याकडे घटनेची पहिली दुरुस्ती आहे. माणूस वाटेल ते बोलू शकतो, सरकार त्याच्या केसाला धक्का लावू शकत नाही." दर दिवाळीच्या फोनवर हे असायचंच. स्वारीला स्वतःला ग्रीन कार्ड मिळता मिळता केस पांढरे झाले, पण कौतुक तसंच. मी म्हणायचे, "बरं बाबा, तुमची दुरुस्ती तुम्हाला लखलाभ. मला इथे ट्रेन वेळेवर आली तरी पुरे." तीही येत नाही, ते सोडा.

आईला मात्र त्याचं सगळं पटायचं. ती साताऱ्याला शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. तो विषय कोण मनावर घेतं? पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी पानं चाळायची. पण ही बाई मूलभूत हक्क असे शिकवायची, की जणू शाळा सुटल्यावर लगेच लागणार आहेत. आमच्या घरात भांडणंसुद्धा रीतसर. दोघांची बाजू ऐकल्याशिवाय ती कुणालाच धपाटा घालत नसे.

तिला इकडे उंटरश्लाइसहाइमला आणायला मी आणि माझ्या नवऱ्यानं, प्रतापनं, आउसलेंडरबेह्योर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीत, चपला झिजवल्या. परमिट मिळालं, ती आली, जरा रुळली, आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, थोडे आठवडे आहेत. इथले डॉक्टर गोड बोलत नाहीत. मी हॉस्पिटलच्या पार्किंगमधूनच सत्यजितला फोन लावला. "ये. तिकीट काढ आणि ये."

"मला नाही येता येणार," तो म्हणाला.

मला वाटलं, सुट्टीची भानगड असेल. मग सगळं बाहेर आलं. त्याच्या वर्गातल्या एका परदेशी मुलीनं कॉलेजच्या पेपरात लेख लिहिला होता. तेवढ्यावरून साध्या कपड्यातली सरकारी माणसं आली आणि तिला रस्त्यातून उचलून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी आमचे प्राध्यापक कॅम्पसच्या हिरवळीवर माईक घेऊन उभे राहिले. मत मांडणं हा गुन्हा असेल तर मलाही न्या, म्हणाले. त्याचा व्हिडिओ फिरला. आता वकील त्याला सांगत होता, देश सोडू नकोस, परत येताना विमानतळावर अडवतील.

"अरे, मग तुझी ती पहिली दुरुस्ती?"

"आहे ना. वकील म्हणतो, मी नागरिक नसलो तरी मलाही ती लागू आहे. कोर्टात आपण बहुतेक जिंकू. फक्त जिंकेपर्यंत मी कुठल्या राज्यातल्या कोठडीत असेन, ते तो सांगू शकत नाही." मग हळूच म्हणाला, "कौमुदी आणि मुलं इथे आहेत, सुनेत्रा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हक्क आहे म्हणे! एकदा वापरला की आईला भेटायला जाता येत नाही, तो कसला हक्क?

मला वाटलं होतं, आई कोसळेल. कसलं काय! तिनं आधी व्हिडिओ बघायला मागितला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी माझी मुलगी अन्वी टॅबवर तो लावून द्यायची आणि आई उशीला टेकून ऐकायची. ड्रेसिंग करायला नर्स आली की तिलाही दाखवायची. "माइन झोन," माझा मुलगा, असं आई म्हणायची. नर्स बिचारी "जा, जा, सुपर", म्हणजे हो हो, छान, असं म्हणत बीपी बघायची. साताऱ्याहून फोन आला की आईचं एकच, "सत्यजित येत नाहीये, कारण तो खरं बोलला." असा तोरा, की जणू पोराला पदक मिळालंय.

पण दाराची बेल वाजली की तिची मान वळायची, हे मी बघत होते ना. पार्सलवाला असायचा, दुसरं कोण? मला ते सहन होईना. मी बाल्कनीत जाऊन सत्यजितला फोन केला. "माफी माग. शब्द मागे घे. तो व्हिडिओ काढायला लाव आणि ये. काय जातंय तुझं? इथे आई जातेय."

"ती मुलगी अजून आत आहे गं."

"ती मुलगी तुझी आई आहे का?"

हो, असंच म्हणाले मी. प्रताप नंतर म्हणाला, जरा जास्तच झालं. मी म्हटलं, तुझी आई पुण्यात ठणठणीत आहे, तू गप्प बस.

सत्यजितनं ऐकलं. भावनेच्या भरात बोललो, माझे शब्द मागे घेतो, मनापासून माफी मागतो, असं त्यानं जाहीर लिहिलं. व्हिडिओही उतरवायला लावला. मग वकिलाकडे गेला. वकील म्हणाला, मला न विचारता हे कशाला केलंस? माफीनं काही पुसलं जात नाही, उलट तू कबुलीच दिलीस. प्रवास कालही धोक्याचा होता, आजही आहे.

"आईला सांगू नकोस," तो मला म्हणाला. मी कशाला सांगतेय?

संध्याकाळी अन्वीनं टॅब उघडला. "दास व्हिडिओ इस्ट वेक, आजी," ती म्हणाली. व्हिडिओ गेलाय. मग शोधत शोधत काहीतरी वाचलं आणि बोलून गेली, "एर हाट झिश एन्टशुल्डिग्ट."

"नेट गेलंय," मी घाईनं म्हटलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. "एवढं जर्मन मला कळतं. लिफ्टमध्ये शिरलं तरी एन्टशुल्डिगुंग म्हणतात इथे. कुणाची माफी मागितली त्यानं?"

मग माझाही तोल गेला. "तुझ्यासाठी मागितली! मी सांगितलं म्हणून मागितली!"

"मग येतोय?"

"नाही."

"ती मुलगी सुटली?"

"नाही गं आई."

तिनं अन्वीला टॅब मिटायला सांगितला. मग म्हणाली, "तो आला नसता तरी चाललं असतं. का येत नाही, ते सगळ्यांना सांगत होते मी. आता काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी सत्यजितचा व्हिडिओ कॉल आला. आई टक्क जागी होती. "झोपलेय म्हणून सांग," ती म्हणाली. मला इतका राग आला, तिचा, त्याचा, त्या मेल्या वकिलाचा, की मी फोन सरळ तिच्यासमोर धरला. तिनं पांघरूण ओढून तोंड झाकून घेतलं. सत्यजितला पलंग दिसत होता, पांढरं पांघरूण दिसत होतं. तो एकदम ओरडला, "सुनेत्रा, आई गेली का?"

"नाही," मी म्हटलं. "तुझ्याशी बोलायचं नाहीये तिला."