उकळलेली सरकी

वैष्णवीचं बी.एस्सी. वनस्पतिशास्त्रात झालं आणि एम.ए. पोर्तुगीज साहित्यात, तेही गोव्यात. मारेगावात हे कुणाला समजावून सांगायचं तर दोन चहा लागत. आज तेवढी उसंत नव्हती. संध्याकाळी पाचपर्यंत प्रबंध पाठवायचा होता आणि तिसरं प्रकरण ठेवायचं की गाळायचं, हेच ठरत नव्हतं.

त्या प्रकरणातली कादंबरी मोझांबिकची, स्वातंत्र्यानंतर लिहिलेली. पोर्तुगीज कंपनी गावावर कापूस लादते. त्यातली एक बाई कंपनीची सरकी पेरण्याआधी उकळत्या पाण्यात टाकते. हे बंड आहे, असं वैष्णवीनं लिहिलं होतं. मार्गदर्शक मॅडमनी समासात विचारलं होतं, ‘कशावरून? शुद्धीचा विधीही असेल. बी मरतं हे तिला ठाऊक होतं, याला पुरावा?’

वैष्णवीनं मागच्या महिन्यात प्रयोगही केला होता. शंभर दाणे उकळून ओल्या गोणपाटात गुंडाळले, शंभर तसेच. न उकळलेले ब्याऐंशी उगवले, उकळलेला एकही नाही. पण त्यावरून बी मेल्याचं कळत होतं, बाईच्या मनातलं नाही.

“काय वं, तोंड काहून उतरलं तुयं?” तिची आई सत्यशीला शेजारी येऊन बसली.

वैष्णवीनं उतारा मराठी करून ऐकवला. बाई सरकी उकळते, निथळते, मग मुकादमासमोर बसून शेणमातीत घोळते आणि पेरते.

“थांब. उकळल्यावर शेण लावलं?”

“हो. त्यात काय झालं?”

आई हसली. “तू पाकिटातल्या बियाण्याच्या जमान्यातली. आमच्या वक्ती सरकीले लव राहे, दाणे एकमेकाले चिकटत. पेरताना सुटे पडाव म्हून शेणमातीत घोळत होतो. पन थे काम घरीच उरकत. उकळून फुगलेली सरकी मुकादमासमोर बसून कोन कायले घोळीन? उकळल्याचं झाकाले अन् त्याले दाखवाले घोळली तिनं. लय बेरकी बाई हाय!”

‘मुकादम समाधानानं मान हलवतो.’ पुढचं वाक्यच ते होतं. वैष्णवीनं ते दहादा वाचलं होतं आणि दहादा सोडून दिलं होतं.

तिनं आईच्या सांगण्यासकट भराभरा अर्धं पान लिहून पाठवलं. पावणेपाचला मॅडमचं उत्तर आलं, ‘पटलं. प्रकरण राहू द्या. तळटीपेत आईंचं नाव घाला.’

वैष्णवीचा जीव भांड्यात पडला. आईचा मात्र अजून टांगलेलाच होता.

“मंग पकडली का तिले?”

“नाही ना. काही उगवलंच नाही, तं कंपनीच्या सायबानं लिहून देल्लं, इथली माती कापसाची नाही. दुसऱ्या साली तिनं मका लावला.”

“सुटली वं माय!” म्हणत सत्यशीलानं भिंतीला पाठ टेकली.