दव पाजलेली बदकं

जगातलं कुठलंही साम्राज्य बाहेरच्या शत्रूनं बुडत नाही. त्याला आतला, आपल्याच डब्यातली भाजी उचलणारा माणूस लागतो. एकलहऱ्याच्या शिवेवर पुंजारामचं असंच एक साम्राज्य होतं. नऊ बदकं, पत्र्याचं एक खुराडं आणि एक गळकं घमेलं, एवढा त्याचा मुलूख.

पुंजाराम वीजकेंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला होता. ब्याऐंशी साली त्यानं निफाडकडच्या साडूकडून ही बदकं पिल्लं असताना आणली. सुमनबाईला, म्हणजे बायकोला, त्यानं समजावलं की कोंबडीला दाणे टाकावे लागतात, बदक आपलं आपण चरून येतं. आपण फक्त अंडी उचलायची. यातला पहिला भाग अगदी खरा निघाला. बदकं खुराड्यातून निघत, पहिल्या पाळीची माणसं फाटकातून शिरावीत तशी एकामागे एक उताराला लागत, आणि दिवसभर कुठं असत हे कुणालाच ठाऊक नसे. संध्याकाळी पुंजाराम डबा वाजवत शोधायला निघे. कधी ती नाल्यात सापडत, कधी कुणाच्या लग्नाच्या मांडवात. सापडली तरी त्याच्याकडे अशी बघत, की या माणसाला कुठंतरी पाहिलंय. अंडं मात्र एकही नाही.

म्हणून त्यानं गोटीरामला विचारलं. गोटीराम पट्ट्यावरचा त्याचा जोडीदार. केंद्रात लागल्यापासून दोघं डबा वाटून खात आले होते. गोटीरामच्या मामानं एकेकाळी बदकं पाळली होती, आणि ती लांडग्यानं खाल्ली होती. तेवढ्या अनुभवावर गोटीराम त्या विषयातला जाणता ठरला होता. त्यानं डोळे मिटून सांगितलं,

"पुंज्या, बदकाला पहाटंचं दव पाजायचं. भोंगा झाला की दार उघडायचं. दव पोटात गेलं की अंडं धरतं."

पट्ट्यावरच्या माणसाला भोंग्यावर चालणारी कुठलीही गोष्ट चटकन पटते. पुंजारामचं उठणं भोंग्यावर, चहा भोंग्यावर, भांडण मिटवणंसुद्धा भोंग्यावर. त्यानं बदकांनाही पाळी लावून दिली. अंधारात भोंगा वाजे, पुंजाराम दार उघडे, आणि बदकं घाईघाईनं दव प्यायला निघून जात. इतकी घाई बघून त्याला भरून येई.

दिवाळी गेली, थंडी पडली, दव तर मणानं पडलं. अंडं नाही. सुमनबाईनं जाहीर केलं की नाशिकरोडचा एक खाणावळवाला बदकं उचलायला तयार आहे, आणि मीठ-मसाला तोच घालणार आहे. पुंजारामनं ताट बाजूला सारलं. त्याचा जीव होता त्या बदकांवर, आणि त्यांच्या बाजूनं बोलणारं सगळ्या आळीत कुणी नव्हतं. फक्त गोटीराम आला. आपण होऊन आला, ओट्यावर बसला, आणि सुमनबाईला त्यानं तासभर समजावलं. वहिनी, मुकं जनावर आहे, त्याला वेळ द्या, पुंज्याचं मन मोडू नका. बोलता बोलता त्याचे डोळे ओले झाले. सुमनबाई विरघळली. त्या दिवशी पुंजारामला वाटलं, सख्खा भाऊ असता तरी एवढं केलं नसतं.

आणि दर रविवारी गोटीराम त्याला घरी बोलवायचाच. त्याचं घर उताराच्या टोकाला, पाटाच्या कडेला. मागं लसूणघासाचा वाफा. नवसाबाई, गोटीरामची बायको, तव्याएवढं आम्लेट करी. पुंजाराम खात खात आपल्या बदकांचं रडगाणं गाई आणि गोटीराम त्याच्या पाठीवरून हात फिरवी. एवढी मोठी अंडी कुठली, असं एकदा पुंजारामनं विचारलं होतं. निफाडची, गोटीराम म्हणाला. तिकडच्या कोंबड्या द्राक्षं खातात. पुंजारामला ते पटलं. साडूकडं त्यानं स्वतः द्राक्षं पाहिली होती.

माघात पुंजारामला ताप भरला. भोंगा झाला तो त्याला ऐकूच आला नाही. सुमनबाई खुराड्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. ऊन चांगलं अंगणात आल्यावर पुंजाराम कांबळं पांघरून उठला, लटपटत गेला आणि दार उघडलं. बदकं फणकाऱ्यानं बाहेर पडली. मागं अंथरलेल्या उसाच्या पाचटावर अंडी होती. जवळजवळ प्रत्येकीचं एक. मोठी, निळसर, अजून कोमट.

आनंदानं तो खालीच बसला. बराच वेळ बसला. मग हळूहळू त्याच्या तापलेल्या डोक्यात कोळशाच्या मालगाडीसारखा एकेक डबा जोडला जाऊ लागला. बदकं पहाटे अंडी घालतात. पहाटे ती घरात नसतात. पहाटे ती उताराला लागतात. उताराच्या टोकाला घासाचा वाफा आहे. आणि गोटीरामच्या घरी कोंबडी नाही. हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं, पण आम्लेट समोर असताना माणूस कोंबडीची चौकशी करत नाही.

ताप तसाच घेऊन, डबा काखेला मारून तो उतार उतरला. गोटीराम वाफ्यातच होता, हातात पाटी. त्यानं "जयभीम, पुंजाभाऊ" म्हटलं. पुंजारामनं जयभीम घेतला नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा घडलं, आणि गोटीरामनं पाटी हळूच खाली ठेवली. आज ती रिकामी होती.

"दव पाजायचं कोण बोललं व्हतं?" पुंजारामनं विचारलं.

गोटीराम घासाकडं बघत म्हणाला, "तवा मला बी तसंच वाटत व्हतं, पुंजा. आईच्यान. मागनं कळलं."

"मागनं म्हंजी कवा?"

"दुसऱ्या दिवशी."

पुंजाराम बोलायला लागला. बदकांनी दगा दिला असता तर सोसलं असतं, म्हणाला, त्यांना अक्कल नाही. पण तू माझ्या ओट्यावर बसून रडलास. माझ्या बदकांसाठी माझ्या बायकोपुढं हात जोडलेस, आणि मी घरी जाऊन तुझं नाव घेत होतो. माझीच अंडी मला खायला घातलीस आणि मीठ पुरेसं आहे का म्हणून विचारलंस. आजपासून डबा वेगळा, म्हणाला. पाळी बदलून घेतो. खुराड्याला कुलूप लावतो, ऊन डोक्यावर आल्याशिवाय उघडत नाही, आणि तुझ्या दाराचं पाणीसुद्धा मला नको.

दारात उभ्या नवसाबाईनं पदर तोंडाला लावला. तिकडं पाटात बदकं पोहत होती. पुंजारामनं डबा वाजवला. एकीनं मान वळवून बघितलं आणि पुन्हा पाण्यात घातली. तेव्हा मात्र त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो वळला आणि एकटाच चढ चढू लागला.

गोटीराम मागून धावत आला. त्याचा चेहरा खरोखर पडला होता. पुंजारामचा हात धरून तो म्हणाला की तू बोललास ते सगळं खरं आहे, मी माणूस म्हणून घ्यायच्या लायकीचा नाही, तू लाव कुलूप, लावच. मग जरा घुटमळला, मागं नवसाबाईकडं बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला,

"फक्त उद्याचा दिवस तेवढा लवकर सोडशील का? हिचे भाऊ यायचेत."